चौथी म्हैस

पशुगणनेचा टॅब घेऊन मी बोरदाखेड्यात पोचलो
तेव्हा लालमन धिकारच्या गोठ्यात म्हशी तीन होत्या
आणि तो म्हणत होता, चार.
"चौथी वर खिंडीत हाये. कोयली. थे लवकर खाली येतच नाही."
न बघता लिहायचं नाही, असा नियम.
म्हणून चढलो.

मार्गशीर्षातलं ऊन, सागाची वाळकी पानं
पायाखाली पापडासारखी.
लालमन पुढे, टायरच्या चपलांत,
मी मागे, दर वळणावर
बुटाची नाडी बांधायचं निमित्त काढत.

आणि मग एकदम दरवाजा.
आजूबाजूला भिंत नाही, नुसता दरवाजा,
निरोप सांगायला आलेला माणूस
निरोप विसरून उभाच राहावा तसा.
कमानीवर दगडात दोन जनावरं.
मी म्हणालो, सिंह असतील.
लालमन म्हणाला, "कुत्रे."

कुणी बांधलं हे?
"काय मालूम. कोनी म्हन्ते गवळ्याईनं, कोनी म्हन्ते राजानं.
पन बसते कोन, थे सांगतो."
या देवडीत अस्वल, मोह गळतो तेव्हा.
त्या कोनाड्यात साळिंदराचे काटे.
आणि इथं, या पायरीवर,
डोक्यावर गवताचा भारा असताना
त्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या.
पोरगी आता धारणीला नर्सिंग शिकते.

पुढे एक खोली, छत नसलेली,
भिंतीत मनगट जाईल एवढं भोक.
इथून जकातीचे पैसे आत टाकत असतील,
मी अंदाज बांधला.
लालमननं हात घातला
आणि काडेपेटी काढली.
त्याचीच, मागच्या खेपेला ठेवलेली.

खिंडीच्या मधोमध उभं राहिलं की
एका अंगाचं पाणी पूर्णेकडे उतरतं,
दुसऱ्या अंगाचं तापीकडे.
एवढ्या रेघेवरून इथं माणसं पडली असतील.
पण पूर्णा शेवटी तापीलाच मिळते, चांगदेवला,
शाळेत नकाशा रंगवताना मी पाहिलं होतं.
लालमनला सांगितलं.
तो म्हणाला, "मंग?"
मलाही पुढचं काही सुचेना.

तोफ कुसळी गवतात पडलेली,
तोंडात एक सोडून दिलेलं घरटं.
पाठीवरची अक्षरं मी बोटानं चाचपत होतो,
वाचता येत नव्हती,
तोवर लालमननं दगड उचलला
आणि हाणला तिच्यावर. तीनदा.
थांबून, आणखी दोनदा.
वाटलं होतं बद्द वाजेल.
घुमली. आवाज दोन्ही दऱ्यांत उतरत गेला,
रेघ न विचारता.

ही कधी कुणावर डागली होती का, कोण जाणे.
आज मात्र तिचं ऐकून कुणीतरी आलं.
करवंदीच्या जाळीतून आधी शिंगं,
मग सावकाश बाकीची कोयली,
रवंथ न थांबवता,
माझ्याकडे परवाना मागितल्यासारखी बघत.

टॅब काढला. रेंज नाही.
म्हैस, मादी. दुभती?
"आटली."
ठिकाणाच्या रकान्यात गावांची यादी होती,
खिंड त्यात नव्हती.
बोरदाखेडा निवडलं.

निघताना म्हणालो, हिलाही ने की खाली.
"नाही येत. आपली पाठ फिरली का
थे दरवाज्यात जाऊन बसते."
पहिल्या वळणावर नाडी बांधायला वाकलो
आणि वर पाहिलं.
बसली होती,
अख्खी वाट अडवून.