पाठमोरा खेळ

आईला फोनवर सांगितलं, स्क्वॉश खेळते,
तर ती म्हणाली, ते सरबत?
मिरजेत कपाटाच्या वरच्या फळीवर असायची बाटली,
पाहुणे आले की दोन बोटं ओतायची, बाकी माठातलं पाणी.
नाही गं, खेळ. चार भिंती, दोघंजण,
समोरच्या भिंतीवर चेंडू मारायचा.
मग पलीकडे कोण असतं?
भिंतच असते.
थोडा वेळ तिने काही विचारलं नाही,
मग म्हणाली, तुला तिकडे कोणी बोलायला नाही का?

बार्न्सलीत तरी कुठे कुणाला माहीत आहे.
फार्मसीतली डॉना म्हणते, वकिलांचा खेळ ना तो?
लालबुंद चेहऱ्याचे, पोट सुटलेले,
जेवणाच्या सुट्टीत खेळायला जातात आणि मरतात.
तिचा भाचा म्हणतो, टीव्हीवर चेंडूच दिसत नाही.
अगदीच खोटं नाही. काळा, मोठ्या सुपारीएवढा,
आणि थंड असला तर टप्पाच घेत नाही,
पडतो नि पडून राहतो
रविवारी उठवलेल्या पोरासारखा.
दहा मिनिटं मारून मारून तापवावा
तेव्हा कुठे जीव धरतो.
एवढा धीर कोणाला?

क्लबात सहा कोर्टं होती. एकात आता सायकली आहेत,
कुठेच न जाणाऱ्या. एकात खुर्च्या रचल्यात.
दोनांचं छत गळतं.

कमिटीने लीड्सहून इमोजेन नावाची मुलगी बोलावली,
खेळाची प्रतिमा सुधारायला.
तिने आल्या आल्या विचारलं, या खेळाचा चेहरा कोण?
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
फोटोग्राफरने तासभर काचेमागून फोटो काढले,
सगळ्यांत पाठी.
घामाने चिकटलेले शर्ट, एक टक्कल, एक कोपर.
तो म्हणाला, तुम्ही जरा इकडे वळून खेळाल का?

नॉर्मन हेपवर्थ हसता हसता बाकावर बसला.
वय त्र्याहत्तर, उजवा गुडघा धातूचा,
चौतीस वर्षं बाटल्यांच्या कारखान्यात, भट्टीसमोर.
संत्र्याच्या स्क्वॉशच्याच बाटल्या, शप्पथ सांगतो.
पाळी सुटली की आठजण थेट इथे यायचे,
आणि लोक म्हणतात साहेबांचा खेळ.
साहेब यायचे की, नॉर्मन म्हणतो.
हरून जायचे.

शेवटी चेहरा म्हणून मला उभं केलं.
मलाच का, ते कोणी बोललं नाही, मीही विचारलं नाही.
घाम पुसा, इमोजेन म्हणाली, रॅकेट अशी खांद्यावर,
आणि हसा.
स्क्वॉश खेळताना कोणी हसत नाही, मी म्हटलं.
तेच तर बदलायचंय.
आता मी बसथांब्यावर आहे, माणसाहून मोठी,
दात पांढरेशुभ्र, कोणीतरी मिशा काढलेल्या.
परवा बसच्या ड्रायव्हरने ओळखलं:
तूच ना ती, बॅडमिंटनवाली?

मंगळवारी नॉर्मनने मला धुऊन काढलं.
पहिल्या गेममध्ये भोपळा फुटायलाच दहा मिनिटं गेली.
(अमेरिकेत स्क्वॉश म्हणजे भोपळा, हे कळल्यापासून
तो जरा जास्तच लागतो.)
म्हातारा धावत नाही. मधोमध उभा राहतो
आणि माझ्याकडून चारी कोपरे झाडून घेतो.

आमच्याकडे दिव्याला अजून नाणं लागतं,
पन्नास पेन्सला वीस मिनिटं.
तिसऱ्या गेमला आठ-सात, रॅली ऐन रंगात,
आणि खटकन अंधार.
चेंडू भिंतीकडे निघालेला होता.
आम्ही जागच्या जागी. दोघांचे श्वास,
मग टप्पा, मग आणखी एक, बारीक,
मग कुठल्याशा कोपऱ्यात गडगडत जाणं.
काचेपलीकडे कोणी असतं तरी
त्याला काही दिसलं नसतं.
तुझा की माझा, मी विचारलं.
लेट, नॉर्मन म्हणाला, पुन्हा खेळू,
आणि खिशातली चिल्लर चाचपायला लागला.