दाढ

शेवटच्या बसथांब्यामागे अथेन्स संपतं
आणि इमित्तोस लगेच सुरू होतो,
मध्ये एक गॅरेज आणि कचऱ्याचे दोन डबे.
वीस मिनिटं पाइनची सावली, चाकाखाली सुयांचा मऊ थर;
तोवर सायकल माझं ऐकते.
मग वणव्यानं नेलेली झाडं,
उघडा पांढरा चुनखडक
आणि हॅण्डल जेमतेम मावेल एवढी वाट.

मी दात बनवते. पोटासाठी.
केसारियानीत, तळघरात, दिव्याखाली,
लोकांच्या कवळ्या, कॅपा, ब्रिज.
मला कुणाचं हसू दिसत नाही, फक्त ठसे येतात,
गुलाबी मेणात चावलेले, वर नाव आणि तारीख.
म्हणून तिसऱ्या वळणावरच्या दगडाला मी दाढ म्हणते.
चार कंगोरे, मध्ये खोल खाच.
पुढचं चाक त्या खाचेत नेमकं अडकतं
आणि मागचं आपल्याला सोडून पुढे जायला बघतं.
मुलं तिच्यावरून उड्या मारतात.
मी उतरते. दर शनिवारी उतरते,
सायकल उचलते, पलीकडे ठेवते,
कुणी पाहत असेल तर चेन तपासल्यासारखं करते.

त्या शनिवारी मागून ओरड आली: "डावीकडून!"
मी झुडपात. नाकात रानथाइमचा वास,
आणि एक हिरवं हेल्मेट माझा खांदा घासून गेलं.
मग आवाज. टायरचा नव्हे.
कपाट जिन्यावरून सोडून द्यावं तसा.

योआकिम. वय सोळा. मातीत बसलेला,
गुडघे सोललेले, तोंडावर हात, बोटांमधून रक्त.
दाढेनं त्याचा दात पाडला होता,
वरचा, पुढचा, मुळासकट.
काय स्वच्छ काम होतं!
मी मनात दाद दिली, मग लाज वाटली.

"तो अजून जिवंत आहे," मी म्हणाले. "तासभर असतो."
आणि आम्ही शोधायला लागलो.

आता सांगा, पांढऱ्या डोंगरावर दात शोधायचा कसा?
प्रत्येक खडा सुळा, प्रत्येक खपली पटाशी.
कुणी माझं टेबलच वाटेवर उलटं केलेलं.
डोळ्यांनी हात टेकले.
मी मोजे काढले, डोळे मिटले
आणि खडी चाचपत गेले, वीत वीत.
चुनखडक बोटाला धरून ठेवतो.
इनॅमल धरत नाही, निसटतं.
तीस वर्षं मी पोर्सेलिनमध्ये
ते निसटणं आणायला धडपडते आहे,
जमलेलं नाही.

गवताच्या बुडाशी काहीतरी निसटलं.

"डोक्याकडून धर. मुळाला बोट लावशील तर बघ."

दूध हवं होतं.
खालच्या अंगाला, मधमाश्यांच्या पेट्यांपाशी,
प्रोकोपिस मठातल्या मांजरांना ते घालत होता.
"अर्गिरो, ही पिवळी गाभण आहे," तो कुरकुरला,
तरी थर्मासचं झाकण भरून दिलं.
पिवळी वाटेच्या टोकापर्यंत आमच्या मागे आली,
एक शब्द न बोलता.

हातात झाकण असलं की ब्रेक धरता येत नाही.
माझी सायकल पेट्यांपाशी राहिली,
त्याची त्यानं ढकलत आणली, वाकडं चाक घासत.
खाली समुद्रापर्यंत पांढरी घरं,
दाटीवाटीची, एकमेकांवर चढलेली,
तार बांधून सरळ करायला हवीत अशी.
वाऱ्यानं दुधावर राखेचा कण आणून टाकला.
मी तो करंगळीनं काढला.
तो रुमाल चावत बराच वेळ गप्प.
बसथांबा दिसायला लागला तेव्हा म्हणाला,
"त्या दगडावरून तुम्ही फायकल कशी नेता?"

"उचलून."

त्यानं हसून पाहिलं, दुखलं,
आणि माझ्या हातात, दुधाखाली,
दात एकदा झाकणावर वाजला.