कपाटावरची पट्टी

बावीस वर्षं टोलेडोत मी हेच करतो:
धुणं, बुटांचा चिखल, आणि कपाटांवर
चिकटपट्टी लावून काळ्या मार्करनं नावं.
पक्की पाटी करायची नाही, हा माझा नियम.
पाटी केली की माणूस जातो,
किंवा त्याहून वाईट, राहतो.

इथून डेट्रॉइट गाडीनं एक तास.
मन्रोपाशी रस्त्याचं काम निघालं तर सव्वा.
ल्यूथर केस्लर अकरा वर्षं वाटेत आहे.

लोकांना वाटतं ही शाळा.
शाळा खालच्या गावांत, तिथं पोरं शिकतात.
इथं सगळे शिकलेलेच. इथं पंगत असते,
पहिली उठल्याशिवाय दुसरीला पान नाही.
वर सव्वीस पानं, आणि चाळिसांची एक यादी.
यादीत नाव असेल तर हाक येते,
नसेल तर आधी दुसऱ्या कुणाचं तरी खोडावं लागतं.
हिशेब वरचे ठेवतात, मी बॅगा ठेवतो,
आणि पाहतो: कुणीच बॅग तळापर्यंत रिकामी करत नाही.

मे महिन्यात वरचा एक मोठा पिचर आला,
दुखरा खांदा घेऊन, तीन डाव टाकायला.
रिवाजाप्रमाणे सगळ्यांचं जेवण त्याच्याकडून, स्टेक आणि झिंगे.
त्याची पट्टी मी लिहिलीच नाही.
पॅनियागुआनं दोन डबे भरून नेले
आणि सकाळी ते धुऊन आणून दिले, कागदाचे डबे.

कुणी कुणाचं वाईट चिंतत नाही इथं.
पण टीव्हीवर वरचा एखादा लंगडला
की खोलीतले काटेचमचे थांबतात.
त्या बुधवारी डेट्रॉइटच्या कॅचरच्या अंगठ्यावर चेंडू बसला.
सामना संपायच्या आत ऑर्टवाइन दारात:
"ल्यूथर, आत ये. दार लाव."
दार लावून इथं दोनच गोष्टी सांगतात.

बाहेर आला तेव्हा चेहऱ्यावर काही दिसेना.
"माझे शिन गार्ड सुकले का?"
नव्हते सुकले. ओलेच पिशवीत घालून दिले.
केंटकीत त्याची आई, तिच्या पद्धतीनं,
देव पाण्यात घालून बसली असणार.

चार दिवस तो बाकावर बसला. एक डावही नाही.
एकदा कॅमेरा त्याच्यावरून गेला,
तो सूर्यफुलाच्या बिया थुंकत होता.
अंगठ्याचा एक्स-रे चांगला निघाला.
मग यादीतून नाव गेलं,
उरलेल्या एकोणतीस संघांनी दोन दिवस पाहिलं,
आणि कुणी हात वर केला नाही.

मंगळवारी तो परत. तेच कपाट.
मी पट्टी काढली नव्हती.
आळस, मी म्हणालो.
तो बराच वेळ पट्टीकडे पाहत राहिला.
"माझ्या नावात एस दोन आहेत."

तिसरा हंगाम हा त्याचा इथला.
"आधी का नाही सांगितलंस?"

"आधी," तो बूट सोडवत म्हणाला,
"राहणार कुठं होतो?"

मी रोलमधून नवी पट्टी फाडली.