पानाची उलटी बाजू

तार्तूत मार्च नावापुरताच.
पाचव्या मजल्यावर, खिडकीत, दह्याच्या रिकाम्या डब्यांतून
टोमॅटोची सतरा रोपं.
त्यांतली चार बिघडली.

आधी वाटलं, पाणी जास्त झालं.
बोट खुपसून पाहिलं, माती हवी तेवढीच ओली.
मग वाटलं, कीड.
भिंग धरलं. जाळं नाही, अंडी नाहीत,
कडेला नुसते फिकट, पाणचट डाग.

शेजारच्या हेल्गीबाई आल्या, चष्मा कपाळावर.
"वरून काय बघतेस? उलटं करून बघ."
पानाखाली शिरांशिरांतून जांभळं उतरलेलं,
बर्फात खेळून आलेल्या पोराच्या ओठांसारखं.
"गारठलीत गं. मुळं गारठली
की पुढ्यातलं अन्नसुद्धा उचलत नाहीत."

पण खिडकी तर बंद असते.
शिवाय, चारच का?
चारही कडीच्या बाजूची.

रात्री दोनला उठले.
स्वयंपाकघरात अंधार, खिडकी सताड उघडी,
आणि केर्तू, माझी सोळा वर्षांची,
उणे आठात डोकं बाहेर काढून
फोनवर कुणाला तरी सांगत होती,
हळू, अगदी हळू,
माझ्या वाट्याला ज्याचं फक्त
'काही नाही गं, आई' येतं, ते सगळं.

दारातूनच परत फिरले.

सकाळी सतराही डबे
पलीकडच्या टेबलावर, दिव्याखाली नेले.
जांभळं पडलेलं पान पुन्हा हिरवं होईलच असं नाही,
हेल्गीबाई म्हणाल्या, नवं फुटेल ते बघायचं.

खिडकीच्या कडीला तेवढं तेल घातलं.
फार करकरायची.