कच्चा आराखडा

जेवणाच्या टेबलावर मेणकापडाखाली जुनी वीजबिलं,
वर उत्तर युरोप.
कोपनहेगनवर पापडाचा डबा,
पंख्यानं उडू नये म्हणून.

सुधन्वा सगळं पेन्सिलीनं लिहितो.
बत्तीस वर्षं पिंपरीच्या औषध कारखान्यात
आंबवण्याच्या टाक्यांवर होता,
पक्का आकडा लिहायला अजून भितो.
कोपनहेगन तीन रात्री, स्टॉकहोम दोन,
मग रात्रीच्या बोटीनं टालिन.
बोटीपुढे प्रश्नचिन्ह.
मला वरंध घाटात एस.टी.सुद्धा लागते.

एका ग्लासची किंमत तो रुपयांत करतो,
मग पुन्हा करतो, चूक सापडेल या आशेनं.
"एवढ्यात दोन माणसं कोल्हापूरला जेवून येतील."
"मग कोल्हापूरला जाऊ."
तो खोडरबर शोधायला लागतो.

हेरिंगचा फोटो मी गणेश पेठेत मालनबाईला दाखवला.
तिनं हात पुसले, मान तिरकी केली,
म्हणाली, तारलीच हाय की, गोऱ्या मुलखातली.
ती ते लोक साखर, व्हिनेगर आणि कांद्यात मुरवतात
आणि काळ्या रायच्या पावावर ठेवून थंडच खातात,
हे मी तिला सांगितलं नाही.
आमच्या गुप्त्यांच्या घरात
माशाला साखर लावली तर पितर उठून बसतील.

शहाजिऱ्याची दारू असते, तो सांगतो. आणि वाइन.
पण वाइन त्यांची नव्हे,
तिथं द्राक्षाला ऊन पुरत नाही,
बाटल्या दक्षिणेहून येतात.
म्हणजे आपल्यासारख्याच, मी म्हटलं,
स्वेटर घालून.

माझी बहीण फोनवर विचारते तेच खरं:
ज्याला वास येत नाही त्याला एवढ्या लांब जेवायला कशाला नेतेस?

दोन वर्षांपूर्वीच्या तापात त्याचं नाक गेलं.
सात नंबरची टाकी बिघडली
हे लॅबचा कागद यायच्या आत
जिन्याखालून सांगणारा माणूस.
एकदा दूध करपून स्वयंपाकघर धुरानं भरलं
आणि तो पलीकडे शब्दकोडं सोडवत होता.

परत येतंय, हप्त्याहप्त्यानं.
आधी फिनेल आलं.
मग सहा महिने काही नाही.
मग दिवाळीत उटणं,
तो तसाच ओला, पंचा धरून, सांगायला बाहेर आला.
गेल्या महिन्यात हिंग.
कोथिंबीर अजून नाही.
माझ्या केसांचं मी विचारलेलं नाही.

रोज सहाला गॅलरीत चार बाटल्या हुंगतो,
लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी,
तोंडी परीक्षेला बसलेल्या पोरासारखा.
एकदा बाटलीवर बूच लावता लावता म्हणाला,
"इथलं सगळं पूर्वीसारखं नाही, एवढंच कळतं मला.
तुझी आमटी, ही आमटी नव्हे, हेच कळतं.
तिथं पूर्वीचं काही नाहीच.
हेरिंग चुकीची लागली
तर मला कळणार कुठून?"

त्यानंतर मी किंमतींवर बोलणं सोडलं.

शनिवारी सराव म्हणून नाशिकची एक बाटली आणली.
दुकानदारानं वर्तमानपत्रात गुंडाळली,
वॉचमननं झाडाकडे पाहिलं.
सरबताच्या ग्लासांत ओतली.
त्यानं ग्लास फिरवला, नाक आत घातलं,
डोळे मिटले, बराच वेळ तसाच.
"सात नंबर," म्हणाला.

आता हे नाक बोललं की आठवण,
मला ठरवता येईना.
मी माझा ग्लास हुंगला. मला नुसती वाइन आली.

तो बाटली धुवायला उठला
तेव्हा पापडाचा डबा बाजूला करून
मी बोटीपुढचं प्रश्नचिन्ह खोडलं
आणि पेननं लिहिलं:
आलेपाक, दोन पुड्या.