पुढचा धुरा

उद्यमनगरात, लेथच्या करकरीत,
दस्तगीर मिस्त्री ट्रकखाली आडवा.
नुसती पायताणं दिसतात आणि आवाज येतो,
"लिव्हर टाक."
टाकला. खट् झालं. तांबडा दिवा लागला.
"दिवा लागला," मी म्हणालो.
"दिवा वायरीचं सांगतो.
चाकाचं चाकाला इचार."

लष्कराच्या लिलावातली ही गाडी.
तिच्यावर विजेचे खांब घालून
गगनबावड्याच्या डोंगरात, चार घरांच्या धनगरवाड्यापर्यंत
तीन महिने मी त्या दिव्याकडं बघत चढलो.
रणबा मागच्या चाकामागनं
दगड घेऊन चालायचा.
मी त्याला हसायचो.

जॅक लावला. डावं पुढचं चाक वीतभर उचललं.
शाफ्टवर खडूची रेघ ओढून मिस्त्री म्हणाला, "फिरव हातानं."
फिरायला नको होतं.
फिरलं.
कुणाचं काही देणं लागत नसल्यासारखं फिरलं,
आणि खडूची रेघ जागच्या जागी.

मग उजवं उचललं. तेही फिरलं.
"ह्याचा हब तर धरलाय की!"
"धरलाय. पण डावं सोडून बसलंय न्हवं,
सगळा जोर तिकडनंच भिरभिरत जातोय.
दोघांतला एक सुटा असला की, भावा,
दुसऱ्यानं कितीबी धरू दे..."
पुढचं राहिलं. तोंडात पान होतं, हातात पाना.

हब उघडला.
आत ग्रीस, काहिलीच्या बुडाला लागलेल्या गुळासारखं,
आणि त्यात स्प्रिंगचा तुकडा, नखाएवढा.
मिस्त्रीनं तो माझ्या तळहातावर ठेवला.
दरी आठवली.
मला खाली बसावं लागलं.

संध्याकाळी खाणीकडं गेलो.
"डांबरावर नको. कोरड्या डांबरावर
चारी चाकं एकमेकांशी भांडत्यात."
मुरुमाच्या ढिगावर पहिला गिअर टाकला, हळूच क्लच सोडला.
पुढच्या चाकांनी खडे उडवले,
दोन्ही चाकांनी.
दस्तगीर उकिडवा बसून
जमिनीवरचे ओरखडे बघत राहिला,
वाचता येतं तसे.

मंगळवारी पुन्हा तोच चढ, नऊ खांब.
गाडी पुढून ओढत होती, स्टिअरिंगमधून हाताला कळत होतं.
आरशात पाहिलं.
रणबा मागं येत होता,
दगड खांद्यावर.
मी हसलो नाही.