तेराशे ग्रॅम

कोपरखैरण्यात, सुट्टीच्या तिसऱ्या रात्री
अण्णा विचारतात, "तिकडं नुसतं डोकंच शिकवत्यात?"
डोक्याच्या आतलं, मी म्हणते.
ग्लासगोच्या लॅबमध्ये हातात धरला होता मेंदू,
पनीरासारखा घट्ट, गार.
तेराशे ग्रॅम.

"म्हंजे सव्वा किलो, वर पन्नास."
कांदा-बटाटा मार्केटातली एकतीस वर्षं
त्यांच्या मानेनं काट्याशिवाय मोजलेली.
"आन् फी तिथल्या पोरांच्या तिप्पट?"
परदेशी ना मी.
"बरोबर. भायेरच्या मालाला हमाली जास्तच."

विद्यापीठाच्या फॉर्मवर, वडिलांचा व्यवसाय:
लॉजिस्टिक्स, असं लिहिलं होतं मी.
टाइप करताना कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.
ती ऊब कुठून निघते, कुठल्या नसेनं कानापर्यंत येते,
मला आता आकृतीसह काढता येतं.
अण्णांना सांगितलेलं नाही.

बाम चोळताना बोटं अडतात
सातव्या मणक्यावरच्या गाठीशी.
ते डोळे मिटूनच,
"कुणाचा हुता?"
काय?
"मेंदू."
बरणीवर नंबर होता. मी विचारलं नाही.

"गोणीवर बी मार्का असतो गं," ते म्हणतात,
"गाव तरी कळतं."